रक्त येतं तिथेच ब्रश फिरवा

डॉक्टर मॅडम, नमस्कार.
मी बार्शी तालुक्यातली. वय ४३. घरी ब्लाउज, ड्रेस शिवते. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. सात-आठ महिने झाले, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. थुंकी लाल बघून भीती वाटली, म्हणून खालच्या पुढच्या दातांना ब्रश लावायचंच सोडलं. बोटाने लाल मंजन लावते आणि तुरटीच्या पाण्याने चूळ भरते. सासूबाई म्हणाल्या मिश्री लाव. दोन दिवस लावली तर रक्त खरंच थांबलं, पण गरगरायला लागलं म्हणून सोडून दिली. आता तोंडाला वास येतो. बायकांचं माप घेताना मी तोंड वळवून बोलते. खालचा एक दात जिभेने ढकलला तर हलल्यासारखा वाटतो. तालुक्याला दाखवलं तर पायरिया सांगितला. क्लीनिंग आणि हिरडीचं ऑपरेशन धरून अठरा हजार. आमचा मेडिक्लेम आहे, पण एजंट म्हणतो दात त्यात बसत नाहीत. शेजारीण म्हणते क्लीनिंग केल्यावर तिचे दात ढिले झाले. माझ्या आईला पन्नाशीतच कवळी बसली. आमच्या घरात हे चालतच आलंय का? घरच्या घरी बरं होईल असं काही सांगा. (मागच्या वर्षी शिबिरात शुगर थोडी जास्त निघाली होती. गोळी चालू नाही.)

ताई,

माप घेताना तोंड वळवून बोलता, हे वाक्य वाचून मी थांबले. अठरा हजारांचा आकडा तुम्ही कागदावर लिहू शकलात, पण हे लिहायला तुम्हाला जास्त जड गेलं असणार. वासाचं आणि रक्ताचं कारण एकच आहे आणि त्यातला मोठा भाग तुमच्या हातात आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आज रात्रीच एक गोष्ट बदला. ज्या दातांना ब्रश लावायचं सोडलंय, तिथेच ब्रश लावायला घ्या. मऊ ब्रश, हलका हात, पण रोज. रक्त येईल. पहिले चार-पाच दिवस कदाचित नेहमीपेक्षा जास्तच येईल. येऊ द्या, थांबू नका.

रक्त ब्रशमुळे येतं असं वाटणं साहजिक आहे, कारण ते ब्रश लावल्यावरच दिसतं. पण निरोगी हिरडीवर मऊ ब्रश फिरवला तर रक्त येत नाही. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवा. हिरडीच्या कडेला काहीतरी बुळबुळीत लागेल. तो जंतूंचा थर आहे. तो तिथे दिवसेंदिवस राहिला की शरीर त्याच्याशी झगडायला तिथला रक्तपुरवठा वाढवतं, हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. तुम्ही रक्ताला घाबरून ब्रश थांबवलात, थर वाढला, सूज वाढली, रक्त आणखी वाढलं. ओपीडीत मला रोज हेच दिसतं. रक्त आलं की माणसं हात आखडता घेतात आणि दुखणं तिथून पुढे सरकतं.

हे नुसतं माझं मत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो या दंतवैद्यकाच्या संशोधकाने १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं. मग परत घासायला लावलं, तर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कुठलं औषध नाही, ऑपरेशन नाही. नुसतं स्वच्छ ठेवणं. तुमचं दुखणं त्या लोकांपेक्षा पुढे गेलंय, दात हलतोय, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नाही. पण त्याच्याशिवाय दुसरं काहीही लागू पडणार नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. अठरा हजार भरलेत आणि घरी घासणं असंच राहिलं, तर वर्षभरात पुन्हा आहे तिथेच याल.

आता घरी काय होतं आणि काय होत नाही, ते सांगते. दुपारच्या उन्हात अंगणात बसा, हातात आरसा घ्या, मोबाइलचा टॉर्च लावा आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा, जिभेकडची. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे लाळेतले क्षार सगळ्यात आधी तिथे जमतात. मऊ थर एक-दोन दिवसांतच कडक व्हायला लागतो आणि पुढे दगडासारखा होतो. पिवळट, तपकिरी, कधी काळा. आपण त्याला किटण म्हणतो. डॉक्टर टार्टर म्हणतील. मऊ थर ब्रशने निघतो, ते काम तुमचं. किटण ब्रशने निघत नाही, मिठाने नाही, लिंबाने नाही, कुठल्याही पेस्टने नाही. ते डॉक्टरांच्या हत्याराने काढावं लागतं. सुईने, टाचणीने किंवा कात्रीच्या टोकाने ते स्वतः खरवडायला जाऊ नका. तुमच्या हाताशी ही तिन्ही कायम असतात म्हणून मुद्दाम सांगते. हिरडीत जखम होते, टोक निसटून जिभेखाली घुसू शकतं आणि किटणाचा अर्धा तुकडा हिरडीच्या आत तसाच राहतो.

हिरडी नुसती सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. पण सूज आत उतरून दाताभोवतीचं हाड झिजायला लागलं, की ते गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही. पुढची झीज मात्र थांबवता येते. तुमचा हलणारा दात म्हणजे हाड थोडं गेलंय याची खूण. म्हणून तुमच्या "घरच्या घरी बरं होईल का" या प्रश्नाला माझं खरं उत्तर असं: अर्धं घरी, अर्धं खुर्चीत. आणि खुर्चीतलं अर्धं अठरा हजारांशिवाय होऊ शकतं. ते पुढे सांगते.

आधी घासायचं कसं.

पाकिटावर 'सॉफ्ट' किंवा 'एक्स्ट्रा सॉफ्ट' लिहिलेला ब्रश घ्या. कडक ब्रशने जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे. त्याने हिरडी आणखी खाली सरकते. पेस्ट फ्लोराइडची कुठलीही साधी चालेल, हरभऱ्याएवढी. आरशासमोर उभ्या राहा. ब्रश दातावर सपाट टेकवायचा नाही. केसांची टोकं दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर, हिरडीकडे तिरकी रोखून धरायची. काठाला हेम घालताना सुई जशी तिरकी धरता, साधारण तशी. मग जागच्या जागी, अगदी छोट्या हालचालीने, दहा-बारा वेळा थरथरवायचा. केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली किंचित शिरली पाहिजेत. मग दोन दात पुढे. बाहेरून सगळे झाले की आतून सगळे. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा बसत नाही. तिथे तो उभा धरायचा आणि टोकाकडच्या केसांनी घासायचं. ब्रश मुठीत आवळू नका, पेन धरता तसा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागतील. सकाळी एकदा, रात्री जेवणानंतर झोपण्याआधी एकदा. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची ठेवा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शेवटी पेस्ट थुंकून टाका, पण लगेच पेलाभर पाण्याने खळखळून चूळ भरू नका. हिरडी खाली गेल्यावर दाताचं मूळ उघडं पडतं आणि ते लवकर किडतं. थोडं फ्लोराइड तिथे राहिलेलं बरं.

एवढं करूनही दोन दातांच्या मधली जागा राहतेच आणि पायरिया नेमका तिथेच सुरू होतो. मेडिकलमध्ये 'इंटरडेंटल ब्रश' मागा. बाटली धुण्याच्या ब्रशचं बारीक पिल्लू दिसतं तसा असतो. तुमच्या दातांत आता फटी पडल्या असणार, तिथे फ्लॉसपेक्षा, म्हणजे फटी साफ करायच्या दोऱ्यापेक्षा, हाच चांगला. जो सहज जातो तोच आकार घ्यायचा, घुसवायचा नाही. रात्री प्रत्येक फटीत दोन-तीनदा पुढेमागे करायचा. एकदा वापरून टाकायची गरज नाही. धुऊन, वाळवून केस वाकेपर्यंत वापरा. जिथे फट घट्ट आहे तिथे फ्लॉसचा दोरा. शिलाईचा दोरा मात्र नको. तो बारीक आणि कडक असतो, झटकन खाली उतरतो आणि हिरडी कापतो. आणि हो, दोरा तोडायला पुढचे दात वापरत असाल तर आजपासून कात्री. टाचण्या दातांत धरायची सवय असेल तर तीही सोडा. हलणाऱ्या दाताला तो झटका सोसवत नाही.

तुरटीबद्दल. तुरटीने हिरडी आकसते, तात्पुरतं रक्त थांबतं आणि बरं वाटतं. पण थर जागच्या जागी असतो. तुमची तुरटी बंद करा. त्याऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा चूळ भरा. ठणका, सूज याला आराम पडतो आणि खर्च काही नाही. पण ही चूळ घासण्याच्या जोडीला आहे, घासण्याच्या जागी नाही. तेलाच्या गुळण्या करायच्या असतील तर करा, अपाय नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. कडुलिंबाची काडी नीट चावून, कुंचला करून वापरली तर बाहेरची बाजू स्वच्छ होते. आतल्या बाजूला आणि फटींत ती पोचत नाही. लवंगेचं तेल हिरडीला लावू नका, भाजतं.

लाल मंजन सोडा, आणि बोटाने घासणंही. बोट हिरडीच्या कडेखाली जाऊच शकत नाही आणि खरखरीत मंजनाने उघड्या पडलेल्या मुळांवर खाचा पडतात. विटकरीची पूड, कोळसा, राख यांचंही तेच.

दोन आठवड्यांपुरती एक चूळ विकत आणलीत तर उपयोग होईल. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के. जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे स्वस्त पडते. दहा मिलिलिटर, एक मिनिट तोंडात खेळवून थुंकायची, सकाळ-संध्याकाळ. ब्रशनंतर लगेच नाही, अर्ध्या तासाने, कारण पेस्टमुळे तिचं काम कमी होतं. चूळ भरल्यावर तासभर चहा नको, दातांवर तपकिरी डाग पडतात. चव थोडे दिवस बदलते, ती परत येते. दोन आठवडे झाले की बंद. ही कायमची सवय करायची गोष्ट नाही.

मेडिकलवाल्याकडून 'पायरियाची गोळी' आणून खाऊ नका. बहुतेक वेळा ते मेट्रोनिडॅझोल किंवा अमॉक्सिसिलिन असतं. चार दिवस पू आणि वास कमी होतो, माणूस खूश होतो, किटण तसंच राहतं आणि महिन्याभरात सगळं परत सुरू. पुढे खरंच गरज पडते तेव्हा ती औषधं लागू पडत नाहीत. गोळी लागली तर ती डॉक्टरांनी तपासून द्यावी.

आता मिश्री. यावर मला जरा थांबायचंय.

तुम्ही दोन दिवस लावली आणि रक्त थांबलं, हे तुम्ही खरंच पाहिलंत. सासूबाई खोटं सांगत नाहीत. पण ते का थांबलं हे समजून घ्या. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटलेली तंबाखू. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे रक्त कमी येतं, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, आणि खाली हाड झिजतच राहतं. आजार थांबत नाही, त्याची वर्दी देणारा थांबतो. तुम्हाला गरगरलं तेही निकोटिननेच. सवय नसलेल्या शरीराने वेळेवर सांगितलं म्हणायचं. पंधरा-वीस वर्षं मिश्री लावलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे येतात. रक्त कधीच आलं नाही म्हणतात, आणि तोंड उघडलं की चार दात बोटाने काढता येतील इतके हलत असतात. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? ती घरातल्या बाईनेच घालायची. मिश्री सुटत नसेल, कुणाचीही, तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत.

शेजारणीने सांगितलेली गोष्ट मला प्रत्येक गावात ऐकू येते, म्हणून तिचं नीट उत्तर द्यायला हवं. काही वर्षांपूर्वी ग्रामीण रुग्णालयात असताना एक शेतमजूर बाई आल्या होत्या. खालच्या सहा दातांच्या आत किटणाची एकसंध पट्टी. हत्यार लावल्यावर तिचा चांगला करंगळीच्या नखाएवढा तुकडा निघून ट्रेमध्ये टक्कन पडला. त्या दचकून उठूनच बसल्या. "बाई, माझा दात पाडला की!" मी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि आरसा दिला. दात सगळे जागेवर होते. तुकडा उलटून बघितला तर त्याच्या एका बाजूला दातांच्या पाठीचे ठसे होते, साच्यात ओतल्यासारखे. त्यांनी जिभेने दातांची आतली बाजू चाचपली आणि म्हणाल्या, "एवढी जागा होती व्हय इथं?"

क्लीनिंगनंतर दात ढिले वाटतात ते यामुळे. हाड आधीच गेलेलं असतं आणि किटण दातांना एकमेकांत धरून ठेवतं. ते काढलं की खरी स्थिती कळते. सूज उतरून हिरडी आकसते, म्हणून फटी दिसतात. थंड पाणी काही दिवस झोंबतं. पण त्या किटणावर बसलेल्या जंतूंमुळेच हाड झिजत होतं. ते काढलं नाही तर दात घट्ट वाटत वाटत एक दिवस हातात येतो. क्लीनिंगनंतर स्वच्छता नीट ठेवली तर महिना-दोन महिन्यांत थोडा हलणारा दात पुष्कळदा आधीपेक्षा घट्ट होतो, कारण सूज गेलेली असते. तुमच्या शेजारणीने बहुधा फार उशिरा केलं, किंवा नंतर घरचं घासणं बदललं नाही.

अठरा हजारांचं. त्या डॉक्टरांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी पूर्ण उपचाराचा हिशेब एकदम सांगितला असेल. पण हे उपचार टप्प्याने करायचे असतात. आधी हिरडीच्या वरचं किटण काढायचं, मग लागेल तिथे हिरडीखाली मुळांची सफाई, आणि मग साधारण सहा ते आठ आठवडे थांबून हिरडी दातापासून किती खोल सुटलीय याचं पुन्हा मोजमाप घ्यायचं. ऑपरेशन लागतं की नाही, लागलं तर किती दातांना, हे त्या मोजमापानंतर ठरतं. पुष्कळ जणांना लागतच नाही, किंवा एखाद्या कोपऱ्यातच लागतं. म्हणून सरळ विचारा, "डॉक्टर, आधी फक्त क्लीनिंग करू. दोन महिन्यांनी बघून पुढचं ठरवू का?" चांगला डॉक्टर याला नाही म्हणत नाही. विचारायला लाजू नका. गिऱ्हाईक तुम्हाला अस्तराचे पैसे वेगळे किती विचारतं, त्यात तुम्ही राग मानता का?

मेडिक्लेमचं एजंटने खरं सांगितलं. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अपघातात दात गेला तरच दातांचा खर्च मिळतो, पायरियाचा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, क्लीनिंग तिच्यात बसत नाही. पण विमा नाही म्हणून दारं बंद नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दातांची ओपीडी असते. जाण्याआधी कुणाकडून तरी एवढंच विचारून घ्या की दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि क्लीनिंगचं मशीन चालू आहे का, म्हणजे खेप वाया जाणार नाही. सोलापूरला सिव्हिल आहे, आणि दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च बाहेरच्यापेक्षा खूप कमी आणि काम बारकाईने होतं, कारण प्रत्येक पायरीवर शिक्षक येऊन तपासतात. मी स्वतः अशीच शिकले, म्हणून खात्रीने सांगते. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी: सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे.

अजून एक. तुमच्या मिस्टरांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेची, कपात होते का, ते पगाराच्या चिठ्ठीवर बघा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले, कायद्याखाली येणाऱ्या ठिकाणचे कामगार त्यात येतात, आणि त्यांच्या घरच्यांनाही दातांचे उपचार मिळतात. मालकाने नोंदणी केलेली असते आणि कामगाराला कार्डाचा पत्ताच नसतो, असं मी अनेकदा बघितलंय.

कंसात लिहिलेल्या शुगरवर आता येते. ती कंसात टाकायची गोष्ट नव्हती, ताई. रक्तातली साखर वाढलेली असली की हिरड्यांचा जंतुसंसर्ग आवरत नाही. आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आवरत नाही. दोन्ही एकमेकांना वाढवतात. उलटही खरं आहे. हिरड्यांचा उपचार झाला की मधुमेह असलेल्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, थोडी खाली येते. या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात साखर तपासून घ्या. तिशीपुढच्यांची ही तपासणी तिथे करतात, आशाताईंना विचारा. साखर जास्त निघाली तर दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिनची गोळी घरात कुणाला चालू असेल आणि हिरड्या दातांवर चढल्यासारख्या फुगल्या असतील, तर तेही दाखवायला हवं. त्या गोळीने काही जणांना असं होतं. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही, रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारायचं.

आईला पन्नाशीत कवळी आली म्हणून तुम्हालाही येणार, असं काही नाही. काही घरांत ही प्रवृत्ती जास्त असते हे खरं. पण घरात सगळे एकाच मंजनाने, एकाच पद्धतीने घासतात, रक्त आलं की सगळे एकसारखेच थांबतात, तेही चालत येतं. तुमच्या आईला ४३ व्या वर्षी हे सांगायला कुणी नव्हतं.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला खूण करा आणि दोन आठवडे रोज रात्री घासून झालं की एक टिंब द्या. चौदा टिंबं झाली की स्वच्छ बोटाने हिरडी हलकेच दाबून बघा, आरशात बघा. बऱ्याच ठिकाणी रक्त थांबलेलं असेल, हिरडीचा लालजांभळा रंग उतरून गुलाबी झालेला असेल, वासही कमी झालेला असेल. जिथे अजून रक्त येतं तिथे बहुतेक किटण आहे. ती जागा डॉक्टरांना बोटाने दाखवा. पण दोन आठवड्यांनी सगळं छान वाटलं तरी दाखवायला जायचंच आहे, कारण दात हलतोय आणि दात आणि हिरडीमधल्या खोल कप्प्यांत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. आणि एकदा सफाई झाली की दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहायचं.

हे दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका: हिरडीतून पू, गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड पुरतं उघडता न येणं, गिळायला त्रास. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण नसताना अंगावर निळे डाग उठत असतील किंवा नाकातूनही रक्त येत असेल, तर दातांच्या आधी रक्ताची तपासणी.

आणि जाताना सासूबाईंना सोबत न्या. त्या मिश्री लावतात ना? रोज जिथे लावतात त्या जागी, गालाच्या आत, ओठाच्या मागे, पांढरा चट्टा, लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. "माझ्यासोबत चला" म्हणालात तर येतील. "तुम्हाला दाखवायचंय" म्हणालात तर कदाचित यायच्या नाहीत. केस पेपर मात्र दोघींचे काढा.